ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय रग्बी स्पर्धा दोनदा सुरू झाली, दोनदा बंद का पडली?

पुरुषांचा पुढचा रग्बी विश्वचषक १ ऑक्टोबर २०२७ पासून ऑस्ट्रेलियात आहे. पहिल्यांदाच २४ संघ त्यात खेळतील. यजमानांनी हा चषक १९९१ आणि १९९९ असा दोनदा जिंकला आहे. पण या दोन वेळच्या विश्वविजेत्या देशात, नवे खेळाडू घडवणारी आठ-नऊ संघांची देशव्यापी रग्बी स्पर्धा आज अस्तित्वात नाही. ती नव्हतीच असं मात्र नाही. २००७ मध्ये एक स्पर्धा निघाली आणि एका हंगामात गुंडाळली गेली. २०१४ मध्ये दुसरी निघाली, ती सहा वर्षं चालली आणि २०१९ नंतर बंद पडली. या दुसऱ्या स्पर्धेचं नाव नॅशनल रग्बी चॅम्पियनशिप, थोडक्यात एनआरसी. (टीव्हीवर दिसणारी ‘द रग्बी चॅम्पियनशिप’ निराळी. ती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिना या देशांची.)

एनआरसीने खेळाडू दिले, प्रशिक्षक दिले, एका शेजारी देशाला उभं राहायला मदत केली आणि जगभरच्या रग्बीचा एक नियम बदलायला हातभार लावला. तरीही ती टिकली नाही. याचं कारण मैदानावर सापडत नाही. ती स्पर्धा कोणाची होती, या प्रश्नात ते आहे.

आधी खेळाची तोंडओळख

रग्बीचे दोन वेगळे खेळ आहेत. रग्बी युनियन १५ जणांचं आणि रग्बी लीग १३ जणांचं. नियम वेगळे, संघटना वेगळ्या, चाहतेही बऱ्याच अंशी वेगळे. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, ती युनियनचीच सात जणांची आवृत्ती. या लेखात ‘रग्बी’ म्हणजे १५ जणांचं युनियन.

गुण असे मिळतात : चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ‘ट्राय’, त्याचे ५. ट्रायनंतर चेंडू दोन खांबांमधून आडव्या दांडीवरून मारला की आणखी २. प्रतिस्पर्ध्याच्या चुकीवर मिळालेल्या पेनल्टीची किक खांबांमधून गेली तर ३. खेळ चालू असताना चेंडू टप्पा देऊन खांबांमधून मारला, म्हणजे ‘ड्रॉप गोल’ केला, तरी ३. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं आहे.

ऑस्ट्रेलियातली परिस्थिती आणखी गुंतागुंतीची आहे. सिडनीत १९०८ पासून लीगची स्पर्धा सुरू झाली आणि ती खेळाडूंना पैसे देत होती. युनियन मात्र १९९५ पर्यंत अधिकृतरीत्या हौशी राहिलं. परिणाम असा की सिडनी-ब्रिस्बेनमध्ये सर्वसामान्यांचा खेळ झाला लीग, मेलबर्न-पर्थमध्ये ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, आणि युनियनच्या वाट्याला आले काही ठरावीक शाळा, विद्यापीठं आणि जुने क्लब. प्रेक्षक, पैसा, टीव्हीवरची वेळ या तिन्ही बाबतींत युनियनला दोन बलाढ्य शेजाऱ्यांशी झगडावं लागतं.

मधली पायरी म्हणजे काय?

मुंबईच्या क्रिकेटमधून रणजी करंडक काढून टाका. खाली कांगा लीग आणि कंपन्यांच्या, क्लबांच्या स्पर्धा, वर थेट आयपीएल आणि भारतीय संघ. कांगा लीगमध्ये चमकलेला विशीतला मुलगा चार दिवस कस पाहणाऱ्या क्रिकेटसाठी तयार आहे की नाही, हे ठरवणार कसं? आयपीएलच्या संघात तो आला तरी बहुतेक वेळ बाकावर बसणार.

ऑस्ट्रेलियन रग्बीत नेमकी हीच अवस्था आहे. खाली सिडनीचं शूट शील्ड (१९२३ पासून) आणि ब्रिस्बेनचा हॉस्पिटल कप (१८९९ पासून) या शहरी क्लब स्पर्धा. वर सुपर रग्बी ही न्यूझीलंडसह खेळली जाणारी व्यावसायिक स्पर्धा. तिच्यावर ‘वॉलबीज’ म्हणजे राष्ट्रीय संघ. १९९६ मध्ये सुपर रग्बी सुरू झाली तेव्हा ऑस्ट्रेलियाचे तीन संघ होते, २००६ मध्ये पर्थचा वेस्टर्न फोर्स आणि २०११ मध्ये मेलबर्न रेबेल्स आले, पाच झाले.

आता हिशेब करा. सामन्याच्या दिवशी एका संघात २३ खेळाडू असतात. पाच संघांचे मिळून ११५. प्रत्येक संघाकडे करारबद्ध खेळाडू याहून बरेच जास्त. जे २३ मध्ये बसत नाहीत ते शनिवारी आपल्या जुन्या क्लबकडून खेळतात, जिथे समोरचा खेळाडू दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला येतो. स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे आठ-आठ पुढचे खेळाडू एकमेकांना भिडून रेटतात तो प्रकार) पहिल्या रांगेत उभं राहायला लागणारी ताकद आणि कसब अशा सामन्यांत कमावता येत नाही. ते तोडीच्या प्रतिस्पर्ध्यासमोरच येतं, आणि पहिल्या रांगेचे खेळाडू सहसा पंचविशीच्या पुढेच पिकतात. मधली पायरी नसेल तर पहिला फटका त्यांना बसतो.

एनआरसीमध्ये २०१४ साली नऊ संघ होते. एका फेरीत एकाला सुट्टी, बाकी आठ खेळणार. आठ गुणिले २३ म्हणजे प्रत्येक फेरीत १८४ खेळाडूंना खऱ्या स्पर्धेचा सामना. या एका आकड्यात स्पर्धेचं सगळं प्रयोजन आलं.

पहिला प्रयत्न : २००७

ऑस्ट्रेलियन रग्बी चॅम्पियनशिप, म्हणजे एआरसी, ऑगस्ट २००७ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. न्यू साउथ वेल्सचे तीन, क्वीन्सलंडचे दोन, कॅनबेरा, मेलबर्न आणि पर्थ यांचा एकेक. गॉसफर्डच्या अंतिम सामन्यात सेंट्रल कोस्ट रेजने मेलबर्न रेबेल्सना (याच नावाचा सुपर रग्बी संघ नंतर, २०११ मध्ये आला) २०-१२ असं हरवलं. डेव्हिड पोकॉक पर्थकडून आणि कर्टली बील वेस्टर्न सिडनीकडून याच स्पर्धेत खेळले. दोघेही पुढे वॉलबीजचे आधारस्तंभ झाले.

खेळ चांगला झाला, हिशेब वाईट लागला. पहिल्याच हंगामात सुमारे ४७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा तोटा झाला. दरम्यान देशाच्या रग्बी संघटनेचं (आजचं नाव रग्बी ऑस्ट्रेलिया) नेतृत्व बदललं होतं. स्पर्धा ज्यांनी आखली ते गेले आणि नवे मुख्याधिकारी जॉन ओ’नील आले. डिसेंबर २००७ मध्ये स्पर्धा रद्द झाली. एका हंगामावरून कोणत्याही स्पर्धेचा निकाल लावणं चूकच होतं, पण ज्यांच्या हाती निर्णय होता त्यांच्यापुढे फक्त ताळेबंद होता.

दुसरा प्रयत्न : २०१४ ते २०१९

सात वर्षांनी मुख्याधिकारी बिल पल्व्हर यांच्या कारकिर्दीत एनआरसी आली. या वेळी तीन गोष्टी बदलल्या. फॉक्स स्पोर्ट्सने थेट प्रक्षेपण घेतलं, पहिल्या हंगामापासून प्रायोजक मिळाला, आणि संघ चालवण्याचा भार शक्यतो राज्य संघटना, क्लब आणि विद्यापीठांवर टाकला. प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा खेळणार, म्हणजे आठ सामने, मग पहिल्या चारांची उपांत्य फेरी. ऑगस्टअखेर सुरुवात, नोव्हेंबरच्या उंबरठ्यावर शेवट.

विजेते असे : २०१४ मध्ये ब्रिस्बेन सिटी (पर्थ स्पिरिटवर ३७-२६), २०१५ मध्ये पुन्हा ब्रिस्बेन सिटी (कॅनबेरावर २१-१०), २०१६ मध्ये पर्थ स्पिरिट (टॅमवर्थला जाऊन न्यू साउथ वेल्स कंट्री ईगल्सवर २०-१६), २०१७ मध्ये क्वीन्सलंड कंट्री (कॅनबेरावर ४२-२८), २०१८ मध्ये फिजियन द्रुआ (क्वीन्सलंड कंट्रीवर ३६-२६) आणि २०१९ मध्ये वेस्टर्न फोर्स (कॅनबेरावर ४१-३). सहा वर्षांत पाच वेगळे विजेते, आणि सिडनीचा एकही संघ त्यात नाही. हे वाक्य पुढे उपयोगी पडेल.

प्रशिक्षकांनाही इथे वर चढायची वाट मिळाली. ब्रिस्बेन सिटीचे निक स्टाइल्स आणि क्वीन्सलंड कंट्रीचे ब्रॅड थॉर्न दोघेही पुढे सुपर रग्बीतल्या क्वीन्सलंड रेड्सचे मुख्य प्रशिक्षक झाले, पर्थ स्पिरिटचे केव्हिन फूट मेलबर्न रेबेल्सचे.

नियम इथे तपासले गेले

एनआरसीच्या सुरुवातीच्या हंगामांत गुणांची किंमतच बदलली होती. ट्राय ५ चाच, पण त्यानंतरच्या किकचे २ ऐवजी ३, आणि पेनल्टी व ड्रॉप गोलचे ३ ऐवजी २. हेतू उघड होता : संघांनी दुरून पेनल्टी मारून गुण गोळा करत बसू नये, ट्रायच्या मागे लागावं. २०१४ चा अंतिम निकाल याच गणिताने वाचावा लागतो. ३७ म्हणजे पाच ट्राय आणि चार किक.

या बदलाला एक उलट बाजू होती. पेनल्टीची शिक्षा ३ वरून २ झाली की बचाव करणाऱ्याला मुद्दाम नियम मोडणं स्वस्त पडतं. आपल्या गोलरेषेजवळ सात-आठ गुण जाण्यापेक्षा दोन गेलेले बरे, असा विचार तो करणारच. मग तोल सांभाळायची जबाबदारी पंचांवर येते. त्यांनी पिवळं कार्ड (दहा मिनिटं मैदानाबाहेर) लवकर काढलं तरच असा नियम चालतो. २०१६ मध्ये आणखी वेगळा प्रयोग झाला : ट्राय ६ आणि सगळ्या किक २-२. जागतिक संघटनेने यातलं काहीही कायम केलं नाही.

२०१९ चा प्रयोग मात्र जगभर गेला. नाव ‘५०:२२’. आपल्या अर्ध्या मैदानातून खेळाडूने चेंडू असा मारायचा की तो आत टप्पा घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या २२ मीटरच्या पट्ट्यात बाजूरेषेबाहेर जाईल. एरवी चेंडू बाहेर घालवला की पुढची फेक, म्हणजे लाइनआउट, समोरच्या संघाला मिळते. या नियमात ती किक मारणाऱ्या संघालाच मिळते, तीही प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेच्या तोंडाशी.

एका किकचं बक्षीस वाढवून काय साधलं? आधुनिक रग्बीत बचावाची भिंत इतकी दाट झाली होती की आक्रमणाला फट सापडत नव्हती. ५०:२२ च्या धाकाने बचाव करणाऱ्या संघाला एक-दोन खेळाडू मागच्या कोपऱ्यांत ठेवावे लागतात. तेवढे पुढच्या रांगेतून कमी होतात, धावायला जागा मिळते. आणि समोरासमोरच्या धडका थोड्या कमी झाल्या तर डोक्याच्या दुखापतीही कमी होतील, ही आशा होतीच. २०२१ मध्ये हा नियम जगभर चाचणीसाठी लागू झाला आणि पुढच्या वर्षी कायम झाला. आज प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामन्यात तो लागू असतो. कसोटी सामन्यात (रग्बीत देशादेशांतल्या सामन्याला कसोटीच म्हणतात) असला प्रयोग थेट करता येत नाही, आणि निव्वळ क्लब पातळीवर केला तर निष्कर्ष वरच्या खेळाला लागू होतात की नाही कळत नाही. मधल्या पायरीचा हा उपयोग सहसा कोणी मोजत नाही.

फिजी आणि पर्थ

२०१७ मध्ये फिजियन द्रुआ हा संघ एनआरसीत आला. फिजीतले गुणी खेळाडू विशी गाठण्याआधीच न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, फ्रान्सला निघून जातात, कारण मायदेशी राहून व्यावसायिक रग्बी खेळायची सोयच नव्हती. द्रुआने ती दिली. दुसऱ्याच वर्षी लौटोकाच्या चर्चिल पार्कवर, घरच्या प्रेक्षकांसमोर, तो संघ विजेता झाला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय स्पर्धेचा करंडक ऑस्ट्रेलियाबाहेर गेला यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. उलट स्पर्धेचं ते सगळ्यात मोठं यश होतं. २०२२ पासून द्रुआ सुपर रग्बीत आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वचषकात फिजीने ऑस्ट्रेलियाला २२-१५ हरवलं, १९५४ नंतर पहिल्यांदा. त्या फिजी संघात द्रुआचे अनेक खेळाडू होते. त्याच विश्वचषकात ऑस्ट्रेलिया इतिहासात प्रथमच साखळीतच बाद झाला.

पर्थची कहाणी जास्त बोचरी आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये पर्थ स्पिरिट एनआरसी जिंकतो. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय संघटना खर्चाचं कारण देऊन पर्थचाच सुपर रग्बी संघ, वेस्टर्न फोर्स, स्पर्धेतून काढून टाकते. खाणउद्योजक अँड्र्यू फॉरेस्ट यांनी पैसा घालून फोर्सला जगवलं. २०१८ पासून स्पिरिटच्या जागी फोर्सच एनआरसीत उतरला आणि २०१९ चा शेवटचा करंडक ४१-३ अशा एकतर्फी सामन्यात घेऊन गेला. वरच्या पायरीवरून ढकललेल्या संघाला मधल्या पायरीने उभं ठेवलं. २०२० मध्ये फोर्स पुन्हा वर आला आणि आजही आहे.

मग चूक कुठे झाली?

सिडनीत. तिथले संघ कागदावर जोडले होते. सिडनी रेज हा संघ मॅनली, वॉरिंगा अशा उत्तर सिडनीच्या क्लबांचा मिळून बनवलेला होता. मॅनली आणि वॉरिंगा हे एकमेकांचे हाडवैरी. उन्हाळा सोडून वर्षभर ज्याच्या पराभवासाठी नवस बोलायचे, त्याच्याच खेळाडूला सप्टेंबरमध्ये एका नव्या रंगाच्या जर्सीत टाळ्या वाजवायच्या, हे चाहत्यांना पटेना. सिडनी स्टार्स हा संघ सिडनी विद्यापीठ आणि बालमेन या क्लबांचा. तो २०१५ नंतर बंद झाला. ग्रेटर सिडनी रॅम्स २०१७ नंतर गेला. शेवटी देशातल्या सगळ्यात मोठ्या रग्बी शहरात एकच संघ उरला.

याच काळात शूट शील्डमध्ये जान होती. २०१७ च्या अंतिम सामन्याला, वॉरिंगा विरुद्ध नॉर्दर्न सबर्ब्ज, नॉर्थ सिडनी ओव्हल खच्चून भरलं होतं. प्रेक्षक होते, त्यांची निष्ठा होती, फक्त ती एनआरसीकडे वळत नव्हती. त्यातच संघटनेने २०१५ मध्ये हौशी खेळाडूंवर सहभाग शुल्क लावलं. खालच्यांकडून पैसे घेऊन वरची स्पर्धा चालवतात, असा समज क्लबांमध्ये घट्ट बसला.

दुसरी अडचण दिनदर्शिकेची. क्लब आणि सुपर रग्बीचे हंगाम संपल्यावरच खेळाडू मोकळे होतात, म्हणून एनआरसी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. पण सप्टेंबर म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स आणि लीग या दोन्हींच्या बाद फेऱ्या. वर्तमानपत्रं, टीव्ही, गप्पा, सगळं तिकडे. त्याच वेळी वॉलबीजचेही सामने, म्हणजे लोकांनी ज्यांचं नाव ऐकलं आहे ते खेळाडू एनआरसीत क्वचितच दिसायचे.

तिसरी अडचण अंतराची. सिडनी ते पर्थ हवाई अंतर सुमारे ३३०० किलोमीटर. प्रत्येक सामन्याला तीसेक माणसांची विमानं, हॉटेल, जेवण, फिजिओ. दारावर तिकिटांचे मिळतील ते पैसे याच्या जवळपासही पोहोचत नाहीत. हा खर्च संघटना आणि प्रक्षेपक उचलतात तोवर स्पर्धा चालते.

“कोरोनामुळेच बंद झाली ना?”

कोरोनाने दार लावलं, पण ते आधीच अर्धं मिटलेलं होतं. २०१९ मध्येच रग्बी ऑस्ट्रेलियाला ९४ लाख डॉलरचा तोटा झाला होता. विश्वचषकाच्या वर्षी घरचे कसोटी सामने कमी होतात आणि उत्पन्न घटतं, तो त्यातला एक भाग. मार्च २०२० मध्ये सुपर रग्बी थांबली, उत्पन्न आटलं, संघटनेत मोठी नोकरकपात झाली, एनआरसी झालीच नाही. पण खरा निर्वाळा त्यानंतर मिळाला. २०२१ पासून प्रक्षेपणाचा करार स्टॅन या स्ट्रीमिंग सेवेकडे गेला. त्यात शूट शील्ड आणि ब्रिस्बेनची क्लब स्पर्धा आहे. एनआरसी नाही. साथ ओसरली, क्लब परतले, ती परतली नाही. तिच्यासाठी भांडणारं कोणी नव्हतं.

“न्यूझीलंडला जमतं, मग यांना का नाही?”

न्यूझीलंडची प्रांतीय स्पर्धा १९७६ पासून चालू आहे. पण तिथले कँटरबरी, ऑकलंड, तारानाकी हे प्रांत स्पर्धा सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून संघ उतरवत आले आहेत. रॅनफर्ली शील्ड या फिरत्या ढालीसाठी ते १९०४ पासून झुंजतात. तिथे आधी संघ होते, मग स्पर्धा आली. ऑस्ट्रेलियात आधी स्पर्धा ठरली आणि मग तिच्यासाठी संघ शोधले. रॅनफर्लीच्या धर्तीवर एनआरसीनेही टिम होरान आणि जेसन लिटल या माजी वॉलबीज खेळाडूंच्या नावाने होरान-लिटल शील्ड सुरू केली. कल्पना सुंदर होती, पण ढालीला वजन यायला दोन-तीन पिढ्या लागतात. शिवाय तोटा न्यूझीलंडलाही चुकलेला नाही. तिथेही प्रांतांच्या खर्चावरून वाद होतात. फरक इतकाच, की तिथे स्पर्धा बंद करायची म्हटलं तर प्रांतांचे लोक विरोधासाठी रस्त्यावर उतरतील.

“मग क्लबांनाच देशभर का खेळवत नाहीत?”

हा प्रस्ताव सिडनीत लोकप्रिय आहे आणि त्यात तथ्यही आहे. सिडनी आणि ब्रिस्बेनच्या विजेत्यांमध्ये सामना होण्याची परंपरा आहेच. पण पूर्ण स्पर्धा केली तर बहुतेक संघ दोनच शहरांतले होतील. पर्थ, मेलबर्न, कॅनबेराचे क्लब त्या ताकदीचे नाहीत. सहा वर्षांत करंडक ब्रिस्बेन, पर्थ, ग्रामीण क्वीन्सलंड आणि फिजीकडे गेला, सिडनीकडे एकदाही नाही, हे इथे आठवावं. क्लबांपुरती स्पर्धा ठेवली तर यातले बरेच खेळाडू दिसलेच नसते. दुसरं म्हणजे, देशभर फिरायचं तर क्लबांना व्यावसायिक व्हावं लागेल. चार श्रीमंत क्लब ते करतील आणि बाकीच्यांचे खेळाडू ओढून घेतील. शूट शील्डची गंमत तिथेच संपेल.

“सुपर रग्बी आहे, एवढं पुरेसं नाही का?”

२०२४ च्या हंगामानंतर मेलबर्न रेबेल्स बंद झाला, ऑस्ट्रेलियाचे सुपर रग्बी संघ चारवर आले. २३ च्या हिशेबाने आठवड्याला ९२ खेळाडू. सुपर रग्बी संघांचे आपसातले जादा सामने अधूनमधून भरवले जातात, पण त्यात नवे प्रदेश येत नाहीत, जेमतेम तेच करारबद्ध खेळाडू फिरून येतात. मेलबर्नमध्ये वाढणाऱ्या मुलाला आज घरच्या शहरात ना सुपर रग्बी संघ आहे, ना एनआरसीतल्या मेलबर्न रायझिंगसारखा दुसरा दरवाजा.

तिसरा प्रयत्न झालाच तर दोन गोष्टी आधी ठरायला हव्यात. पहिली, प्रवासखर्च. तो प्रक्षेपणाच्या करारातच वेगळा काढून पाच वर्षांसाठी बांधून घेतला पाहिजे, नाहीतर एका तोट्याच्या वर्षात पहिली कात्री तिथेच लागेल. दुसरी, सिडनीचे संघ. ते क्लबांच्या जोड्या जुळवून न करता लोक आधीच ज्या नावाने स्वतःला ओळखतात त्या नावाने हवेत. ग्रामीण न्यू साउथ वेल्सच्या ईगल्सच्या बाबतीत हे आपोआप जमलं होतं : तो संघ लहान गावांत सामने घेऊन गेला आणि २०१६ चा अंतिम सामना टॅमवर्थसारख्या, सिडनीपासून चारशे किलोमीटर दूर असलेल्या गावात झाला.